पोर्टलचा ई-मेल पाठवण्याआधी
वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतलं महिला कॉलेज व्हॉलीबॉल आणि कॉलेज बदलणं

अमेरिकेत महिलांच्या कॉलेज व्हॉलीबॉलचा हंगाम ऑगस्टअखेर सुरू होतो आणि डिसेंबरात संपतो. तो संपत आला की कॉलेज बदलण्याविषयीचे प्रश्न सुरू होतात. त्यांतले काही इथे घेतले आहेत. उत्तरं एनसीएएच्या (कॉलेजांमधले खेळ चालवणारी अमेरिकेतली मुख्य संस्था) डिव्हिजन १ ला, म्हणजे तिच्या सर्वांत वरच्या श्रेणीला, धरून आहेत. नियम वेगळा असेल तिथे तसं सांगितलं आहे.

प्रश्न : मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे. दोन हंगामांत तिला जेमतेम काही सेट खेळायला मिळाले. आता कॉलेज बदलायचं म्हणते. बदललं तर एक वर्ष बाहेर बसावं लागतं असं ऐकलंय. आणि हे ‘पोर्टल’ म्हणजे नक्की काय? (एक पालक, न्यू जर्सी)

बाहेर बसावं लागत नाही. तुम्ही ऐकलेला नियम मुख्यतः पाच खेळांचा होता : अमेरिकन फुटबॉल, पुरुष आणि महिला बास्केटबॉल, बेसबॉल, पुरुषांची आइस हॉकी. व्हॉलीबॉलच्या मुलींना एकदा कॉलेज बदलून लगेच खेळण्याची सवलत पूर्वीही होती, पण जुन्या कॉलेजच्या संमतीवाचून पान हलत नसे. १५ ऑक्टोबर २०१८ ला पोर्टल सुरू झालं आणि परवानगी मागण्याऐवजी नुसती सूचना देणं पुरेसं झालं. दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा बदलणाऱ्यांवरचं बंधन मात्र राहिलं होतं. डिसेंबर २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या फेडरल न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि एप्रिल २०२४ मध्ये एनसीएएने ते काढूनच टाकलं. अभ्यासाच्या अटी पुऱ्या असतील तर आज कितीही वेळा कॉलेज बदलून लगेच खेळता येतं.

पोर्टल म्हणजे कॉलेजांच्या क्रीडा विभागांना दिसणारी नावांची यादी. खेळाडूला ती उघडता येत नाही आणि त्यात स्वतःचं नाव स्वतः घालताही येत नाही. आधी एनसीएएचा ट्रान्सफरविषयीचा छोटा ऑनलाइन पाठ पूर्ण करायचा, मग आपल्या कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसला (खेळाचे नियम पाळले जातात ना, हे बघणारा विभाग) लेखी कळवायचं. त्यानंतर कामकाजाच्या दोन दिवसांत नाव यादीत घालणं कॉलेजवर बंधनकारक आहे. ई-मेल प्रशिक्षकांना नाही, कम्प्लायन्सला पाठवायचा. प्रशिक्षकांना तोंडी सांगितलं म्हणजे सूचना दिली, असं धरलं जात नाही, आणि मुदत निघून जाते ती बहुतेक वेळा इथेच. तरीही ई-मेलच्या आधी प्रशिक्षकांना समोर बसून सांगावं. नवे प्रशिक्षक पहिला फोन त्यांनाच करतात.

ई-मेल तीन ओळींचा पुरतो : नाव आणि विद्यार्थी क्रमांक, “माझं नाव ट्रान्सफर पोर्टलमध्ये नोंदवावं” हे वाक्य, आणि नोंद झाल्याचं लेखी कळवण्याची विनंती. कारणं, तक्रारी, आभार यांतलं काही लिहू नये. कुठे जायचं ते आधीच ठरलं असेल आणि बाकीच्यांचे फोन नको असतील, तर नावापुढे ‘संपर्क करू नये’ अशी खूण करून घेता येते.

प्रश्न : सूचना नक्की कधी द्यायची? डिसेंबरात परीक्षा असतात, मेमध्ये दिली तर चालेल का? (एक पालक, टेक्सस)

चालेल, पण डिसेंबर बरा. एनसीएए स्पर्धेच्या ६४ संघांची निवड जाहीर झाली की दुसऱ्या दिवशी पहिली मुदत सुरू होते. दुसरी १ ते १५ मे. पहिलीच्या नेमक्या तारखा दर वर्षी सरकतात. त्या कम्प्लायन्सकडून लेखी घ्याव्यात, मैत्रिणींच्या ग्रुपवरच्या नव्हे.

ही मुदत फक्त सूचना देण्याची आहे, हे बऱ्याच घरांत लक्षात येत नाही. नवं कॉलेज निवडणं, भेटी देणं, करारावर सही करणं हे सगळं मुदत संपल्यानंतरही करता येतं. त्यामुळे शेवटच्या दिवशी नाव गेलं तरी ते चालतं. शेवटच्या दिवसापर्यंत ऑफर घेऊनच टाका, अशी घाई कुणी करत असेल तर तिला भुलू नये.

डिसेंबर बरा, कारण त्या वेळी निघालेली मुलगी जानेवारीत नव्या कॉलेजात दाखल होऊ शकते आणि वसंतातला सगळा सराव तिच्या पदरात पडतो. नव्या सेटरशी (हल्ल्यासाठी चेंडू चढवून देणारी) जुळायला मिडल ब्लॉकरला (जाळ्यापाशी मधोमध खेळणारी) काही आठवडे सहज लागतात, आणि ऑगस्टमधलं शिबिर त्याला पुरत नाही. मे महिन्यापर्यंत बहुतेक संघांच्या जागा भरलेल्या असतात. उरतात त्या दुखापतीमुळे किंवा कुणी ऐनवेळी सोडून गेल्यामुळे रिकाम्या झालेल्या. अशी जागाही चांगली असू शकते, पण तिथे निवडीला वाव कमी.

अडचण एकच, आणि तुम्ही ती ओळखली आहे : फोन आणि परीक्षा एकाच पंधरवड्यात येतात. खेळण्याची पात्रता टिकवायला त्या सत्रात किमान ६ क्रेडिट (विषयांना दिलेली अभ्यासाची एककं) उत्तीर्ण व्हावे लागतात. फोनच्या नादात दोन विषय गेले तर ऑफर हातात असूनही मुलगी मैदानाबाहेर. परीक्षेच्या दिवसांत फोन पालकांनी घ्यावेत आणि अमुक तारखेनंतर ती बोलेल असं सांगावं. प्रशिक्षक थांबतात. जे थांबत नाहीत त्यांच्याविषयी तेवढ्यात बरंच कळतं.

मुख्य प्रशिक्षक सोडून गेले किंवा शिष्यवृत्ती कमी केली वा बंद केली, तर नेहमीच्या मुदतीबाहेरही सूचना देता येते. असं काही झालं तर त्याच दिवशी कम्प्लायन्सला विचारावं.

प्रश्न : मी १९ वर्षांची आहे, आउटसाइड हिटर (जाळ्याच्या कडेने हल्ला करणारी). माझा विचार असा : नाव टाकून बघते, चांगलं काही आलं नाही तर काढून घेते. यात धोका काय? (एक खेळाडू, ओहायो)

नाव काढून घेता येतं. पण तुला परत घ्यायलाच हवं असं तुझ्या कॉलेजवर बंधन नाही. सूचना गेली की चालू सत्र संपल्यावर शिष्यवृत्ती बंद करण्याचा अधिकार त्यांना मिळतो. सत्राच्या मधेच मात्र तेवढ्या कारणावरून ती काढता येत नाही. लॉकर, व्यायामशाळा, संघाचं जेवण, फिजिओ यांचं काय, हे प्रत्येक कॉलेज आपापलं ठरवतं. काही ठिकाणी त्याच संध्याकाळी ओळखपत्राने दार उघडणं बंद होतं. म्हणून ‘बघते’ हा शब्द सोड. दाराबाहेर पाऊल टाकल्यासारखं धरूनच ई-मेल पाठव.

जागांचं गणितही बदललंय. २०२५ पर्यंत डिव्हिजन १ च्या संघाला महिला व्हॉलीबॉलसाठी १२ शिष्यवृत्त्या होत्या आणि ज्या मुलीला मिळायची तिला पूर्ण मिळायची. ६ जून २०२५ ला न्यायालयाने हाऊस खटल्यातली (कॉलेजांनी खेळाडूंना थेट पैसे देण्याविषयीचा) तडजोड मंजूर केली. त्या तडजोडीत सामील झालेल्या कॉलेजांना आता शिष्यवृत्त्यांची मर्यादा नाही, मात्र संघात १८ पेक्षा जास्त खेळाडू ठेवता येत नाहीत. याच्या दोन बाजू. श्रीमंत कॉलेज अठराच्या अठरा जणींना पूर्ण पैसे देऊ शकतं. दुसरं एखादं कॉलेज तेच पैसे तुकड्यांत वाटू शकतं; म्हणजे ‘शिष्यवृत्ती देतो’ या वाक्याचा अर्थ आता पूर्ण शिष्यवृत्ती असेलच असं नाही. किती टक्के, हे पहिल्याच बोलण्यात विचार.

पूर्वीचं नॅशनल लेटर ऑफ इन्टेन्ट, म्हणजे ‘याच कॉलेजात येईन’ असं लिहून देण्याचा कागद, ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालं. आता कॉलेजचा आर्थिक साहाय्याचा करार हाच मुख्य कागद. त्यात शिकवणी, फी, राहणं, जेवण, पुस्तकं हे एकेक कलम वेगळं लिहिलेलं आहे का, किती वर्षांसाठी आहे, उन्हाळी सत्र धरलंय का, दुखापत झाली तर काय, ते बघ. कॉलेज थेट पैसे देणार असेल तर त्याचा करार वेगळा असतो आणि त्यात मुदतीआधी निघून गेल्यास पैसे परत करण्याचं कलम असू शकतं. ते कलम वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नकोस. बाहेरच्या कंपनीशी ६०० डॉलर किंवा त्याहून मोठा एनआयएल व्यवहार (खेळाडूचं नाव किंवा छबी वापरण्याचे पैसे) झाला तर तो नोंदवावा लागतो. फोनवर सांगितलेला एनआयएलचा आकडा कुठल्याच कागदावर नसेल, तर तो शून्य धरून निर्णय घे.

प्रश्न : मुलगी तिसऱ्या वर्षाला, बिझनेसला आहे, तिच्याकडे ७८ क्रेडिट होतील. नव्या कॉलेजात कायनिजिऑलॉजी (शरीराच्या हालचालींचं शास्त्र) घ्यायचं म्हणते. प्रशिक्षक म्हणाले, “क्रेडिटचं बघू, काळजी करू नका.” (एक पालक, इलिनॉय)

काळजी करा. प्रशिक्षक खोटं बोलत असतील असं नाही, पण क्रेडिट मोजणं त्यांच्या हातात नसतं.

डिव्हिजन १ मध्ये पदवीकडे किती वाटचाल झाली हे टक्क्यांत बघतात : तिसरं वर्ष सुरू होताना ४०, चौथं सुरू होताना ६०, पाचवं सुरू होताना ८०. टक्के धरायचे ते नव्या कॉलेजच्या, नव्या पदवीच्या हिशोबाने. पदवी १२० क्रेडिटची असेल तर चौथ्या वर्षाआधी ७२ हवेत. तुम्ही म्हणाल, ७८ आहेत, झालं की! पण समजा नव्या कॉलेजने ७८ च्या ७८ स्वीकारले आणि त्यांतले १२, म्हणजे अकाउंटिंग, मार्केटिंग वगैरे, कायनिजिऑलॉजीच्या पदवीत कुठेच बसत नाहीत. मग पदवीला लागू पडणारे उरले ६६. हे झाले ५५ टक्के. मुलगी शिकू शकते, सराव करू शकते, सामना खेळू शकत नाही.

‘स्वीकारलेले’ क्रेडिट आणि ‘पदवीला लागू पडणारे’ क्रेडिट यांतल्या याच फरकात मुली अडकतात. गुणपत्रिका पाहून प्रवेश विभाग ‘सगळे क्रेडिट आले’ असं कळवतो आणि घरात पेढे वाटले जातात. तो आकडा आपल्या कामाचा नाही. नव्या विभागाकडून त्या विशिष्ट पदवीचा डिग्री ऑडिट लेखी मागावा. प्रत्येक विषयासमोर तो कुठल्या आवश्यकतेत बसला ते त्यात दिसतं, आणि ‘जनरल इलेक्टिव्ह’ (कुठल्याच आवश्यकतेत न बसलेले ऐच्छिक विषय) या रकान्यात जितकी गर्दी तितका धोका. वरच्या उदाहरणात मार्ग आहे : ६ क्रेडिट कमी, म्हणजे उन्हाळ्यात तीन-तीन क्रेडिटचे दोन विषय, तेही पदवीत बसणारे. त्याचे पैसे कोण देणार ते करारात हवं, आणि निकाल ऑगस्टच्या सरावाआधी नव्या कॉलेजच्या रजिस्ट्रारकडे पोचायला हवा.

आणखी काही बारीक गोष्टी. बऱ्याच विद्यापीठांत पदवीचे शेवटचे ३० च्या आसपास क्रेडिट तिथेच पूर्ण करावे लागतात. उशिरा बदलणाऱ्या मुलीला त्यामुळे एखादं सत्र जास्त लागतं. जुनं कॉलेज क्वार्टर पद्धतीचं (वर्षात दोनऐवजी जास्त, छोटी सत्रं) असेल तर क्रेडिटला दोन तृतीयांशाने गुणावं, ४५ चे ३० होतात. प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम पीडीएफमध्ये उतरवून ठेवावा, कारण कॉलेज सोडल्यावर तिथलं खातं बंद होतं आणि नवा विभाग नेमका तोच कागद मागतो. पार्किंगचा दंड किंवा वाचनालयाचं पुस्तक बाकी असेल तर तेही आधीच चुकतं करावं. अशा क्षुल्लक थकबाकीवरून गुणपत्रिका अडवली जाते. नर्सिंग आणि इंजिनिअरिंगमध्ये विषयांची साखळी ठरलेली असते, तिथे नुकसान सर्वांत जास्त. त्या मुलींनी आधी ऑडिट मागवावा आणि मग कुठल्या संघात जायचं ते बघावं.

प्रश्न : तीन कॉलेजांची विचारणा आहे. खेळायला मिळेल की नाही हे आधी कसं ओळखावं? आणि व्हिडिओत काय दाखवायचं? (एक खेळाडू आणि तिची आई, कॅलिफोर्निया)

संघाची यादी त्यांच्या संकेतस्थळावर असते. ती घेऊन बसा आणि तुमच्या जागेवर खेळणाऱ्या प्रत्येक मुलीसमोर तिचं वर्ष लिहा. सेटर असाल तर हे सर्वांत महत्त्वाचं. ५-१ पद्धतीने खेळणाऱ्या संघात एकच सेटर पूर्णवेळ खेळते. तिथली सेटर दुसऱ्या वर्षाला असेल आणि तुम्हीही दुसऱ्या वर्षाला, तर उघड आहे की तुम्हाला राखीव म्हणून बोलावलं जातंय. ६-२ पद्धतीत दोन सेटर खेळतात. प्रशिक्षकांना सरळ विचारावं : “पुढच्या वर्षी कुठल्या पद्धतीने खेळणार? माझ्या जागेवर आणखी कुणाशी बोलणी चालू आहेत?” दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर टाळलं गेलं तर तेच उत्तर समजावं. १८ च्या मर्यादेत एखाद्या जागेसाठी पाच जणी असतील तर पुढच्या डिसेंबरात त्यांतली एक पोर्टलमध्ये असणार.

२०२४ पासून नियमही थोडे बदलले आहेत. दुसऱ्या स्पर्शात चेंडू हाताला दोनदा लागला तरी, तो आपल्याच बाजूला राहिला तर, फाउल धरत नाहीत. त्यामुळे सेटरच्या हातांच्या सफाईपेक्षा ती चेंडूखाली किती लवकर पोचते आणि वाईट पासवरून मिडलला चेंडू देते का, याला वजन आलंय. एका सेटसाठी दोन लिबेरो (मागच्या रांगेत फक्त बचाव करणाऱ्या) नोंदवता येतात, मैदानावर एका वेळी एकच. म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या लिबेरोलाही आता काम आहे, आणि हे लिबेरोने बोलण्यात काढावंच.

व्हिडिओ दोन द्यावेत : तीन-चार मिनिटांच्या निवडक चेंडूंचा एक आणि अखंड सामन्याचा एक. निवडक चेंडूंत सगळेच छान असतात, निर्णय होतो तो अखंड सामन्यावर, आणि तो सामना तगड्या संघाविरुद्धचा हवा, हरलेला असला तरी चालेल. कॅमेरा कोर्टच्या मागच्या रेषेपलीकडून, उंचावरून असावा; बाजूने काढलेल्या चित्रणात ब्लॉक कुठे लागला ते कळत नाही. आउटसाइड हिटरने सर्व्हिस रिसीव्ह जरूर दाखवावा. नुसत्या स्मॅशवर मिळणाऱ्या जागा कमी. सहाही रोटेशन, म्हणजे पुढच्या आणि मागच्या सगळ्या जागा, खेळू शकणारी हवी असते.

आकड्यांत एकूण किल (थेट गुण मिळवून देणारे फटके) सांगून भागत नाही. हिटिंगची टक्केवारी म्हणजे किलमधून चुका वजा करून एकूण प्रयत्नांनी भागायचं : १२ किल, ४ चुका, ३० प्रयत्न, म्हणजे ०.२६७. पासिंग, म्हणजे समोरची सर्व्हिस घेऊन चेंडू सेटरकडे देणं, ० ते ३ गुणांत मोजतात. २० पासचे ४४ गुण झाले तर सरासरी २.२. ई-मेलच्या विषयाच्या ओळीतच जागा, उंची, अप्रोच टच (धावत येऊन उडी मारल्यावर हात पोचतो ती उंची), उरलेले हंगाम आणि पोर्टलमधली तारीख द्यावी. आत विषय आणि जीपीए (अभ्यासातली सरासरी श्रेणी). प्रशिक्षकाला त्या आठवड्यात असे ढीगभर ई-मेल येतात.

प्रश्न : क्लबच्या प्रशिक्षकांनी सांगितलं, “नाव टाकण्याआधीच मी एकदोन कॉलेजांत शब्द टाकतो.” हे चालतं का? (एक पालक, जॉर्जिया)

नाही. नाव पोर्टलमध्ये येईपर्यंत दुसऱ्या डिव्हिजन १ कॉलेजच्या प्रशिक्षकांनी खेळाडूशी किंवा घरच्यांशी बोलणी करणं नियमबाह्य आहे, आणि मधला माणूस घालून केलं तरी तेच. सर्रास चालतं, हेही खरं. पण चौकशी झाली तर फोनमधले मेसेज मुलीचेच बघितले जातात. क्लबच्या प्रशिक्षकांना म्हणावं, नाव आलं की मग जरूर शब्द टाका.

प्रश्न : मुलीने आधी एकदा कॉलेज बदललंय. पुन्हा बदललं तर नाव खराब होईल का? (एक पालक, मिशिगन)

एका बदलाकडे आता कुणी वळूनही बघत नाही. मॅडिसन स्किनर केंटकीकडून २०२० च्या हंगामाचं विजेतेपद जिंकली (करोनामुळे तो हंगाम २०२१ च्या वसंतात संपला), मग टेक्ससला गेली आणि २०२२, २०२३ ची विजेतेपदंही जिंकली. जेस म्रुझिक मिशिगनहून पेन स्टेटला आली आणि तो संघ २०२४ चा विजेता ठरला. या दोघी मुळातच अव्वल होत्या, हे मात्र विसरू नये. दुसऱ्या बदलाच्या वेळी ‘का’ हे विचारलं जातंच. खेळायला मिळालं नाही, प्रशिक्षक बदलले, विषय तिथे नव्हता, यांपैकी जे असेल ते एका वाक्यात सांगावं. जुन्या संघाबद्दल तक्रारींचा पाढा वाचणारी मुलगी पुढे आपल्याबद्दलही तेच बोलेल, असं प्रशिक्षक गृहीत धरतात.

प्रश्न : मी भारतातून एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आलेली विद्यार्थिनी, सध्या ज्युनियर कॉलेजात (इथलं दोन वर्षांचं कॉलेज) खेळते. डिव्हिजन १ ला जायचंय. (एक खेळाडू, कॅन्सस)

पोर्टल तुझ्यासाठी नाही, ते एनसीएएच्या कॉलेजांतून निघणाऱ्यांचं. तुला एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरमध्ये (खेळाडूची पात्रता तपासणारं कार्यालय) नोंदणी करावी लागेल. भारतातल्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिका तिथे लागतात, आणि शाळा संपल्यानंतर खेळलेल्या स्पर्धांची माहितीही. जिल्हा, राज्य, क्लब, सगळं तारखांसह लिहून ठेव; शाळा संपल्यावर बराच काळ स्पर्धा खेळत राहिलेल्या खेळाडूचे हंगाम कापले जाऊ शकतात.

सेंटरने तुला ‘क्वालिफायर’ (शाळेच्या अभ्यासावरून पात्र) ठरवलं तर ज्युनियर कॉलेजात किमान एक पूर्ण सत्र, दर सत्राला सरासरी १२ हस्तांतरणीय क्रेडिट आणि २.५ जीपीए पुरतं. नाही ठरवलं तर ज्युनियर कॉलेजची पदवी, तीन सत्रं आणि ४८ क्रेडिट, त्यांत इंग्रजीचे ६, गणिताचे ३, विज्ञानाचे ३. ‘हस्तांतरणीय’ म्हणजे नवं कॉलेज घेईल असे. इंग्रजी किंवा गणिताचे पायाभूत वर्ग त्यात धरत नाहीत.

व्हिसाचं काम समांतर चालू दे. सध्याच्या कॉलेजचे डीएसओ (परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणारे अधिकारी) तुझी सेविसमधली (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदवही) नोंद ठरावीक तारखेला नव्या कॉलेजकडे सोडतात. त्या तारखेनंतर जुने डीएसओ काही करू शकत नाहीत, म्हणून प्रवेश आणि शिष्यवृत्ती दोन्ही लेखी आल्याशिवाय तारीख टाकू देऊ नकोस. नवा आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं तो दाखला) मिळाला की तो घेऊनच प्रवास कर. पासपोर्टवरच्या व्हिसावर जुन्या कॉलेजचं नाव असलं तरी मुदत शिल्लक असेल तर तो चालतो. नव्या ठिकाणी सत्र सुरू झाल्यापासून १५ दिवसांच्या आत डीएसओकडे हजेरी नोंदवायची. सरावाच्या गडबडीत मुली नेमकं हेच विसरतात. आणि एनआयएलच्या नावाखाली अमेरिकेत जाहिरातीचं काम करायची ऑफर आली तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचार. संघातल्या इतर मुलींना चालतं म्हणून एफ-१ वर चालेल असं नाही.

प्रश्न : डिव्हिजन ३ मधून वर जायचं असेल तर? (एक पालक, पेनसिल्व्हेनिया)

डिव्हिजन ३ मध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती नसल्यामुळे तिथे खेळाबद्दलची गमावण्यासारखी रक्कम नाही. पण गुणांवर किंवा घरच्या उत्पन्नावर मिळणारी मदत बऱ्याचदा तिथे मोठी असते, आणि नव्या ठिकाणी अर्धवट शिष्यवृत्ती मिळूनही खिशातून जास्त जाऊ शकतं. दोन्हीकडचा वर्षाचा निव्वळ खर्च शेजारी-शेजारी मांडून बघावा, आणि आर्थिक मदतीच्या अर्जाची नव्या कॉलेजची मुदत आधी तपासावी; ती बहुतेक वेळा १ मेच्या आधीच संपते.